गवंड्याचा डबा

आपल्या घरात ॲल्युमिनियमचे पातेले असते. कित्येक घरांत त्याला 'जर्मनचे पातेले' म्हणतात. जर्मनी हा दूरचा देश. पण त्याचे नाव असे आपल्या चुलीपर्यंत आले आहे. या पाठात एका ॲल्युमिनियमच्या डब्याची हकिकत आहे. ती जर्मनांच्या एका छळछावणीत घडली. हकिकत खरी आहे. वाचताना मन जड होईल. तरी ती वाचू या. माणूस किती खाली उतरू शकतो हे तिच्यात दिसते. आणि खाली उतरायचे नाकारणारा माणूसही तिच्यात भेटतो.

ज्यू कोण?

ज्यू हे एका जुन्या धर्माचे लोक. त्यांना यहुदी असेही म्हणतात. ते एकच देव मानतात. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस.

आपल्या कोकणाला हे लोक नवे नाहीत. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल नावाचे ज्यू पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांतले बरेचजण तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी. आडनावेही आपल्यासारखीच गावावरून पडलेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. १९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला. त्यानंतर पुष्कळजण आपखुशीने तिकडे गेले. पण गावाने त्यांना कधी हाकलले नाही. घाणा शेजारी चालत होता, एवढेच. त्यात कुणाचं काय बिघडलं?

युरोपातही ज्यू लोक शेकडो वर्षे राहत होते. कुणी शिंपी, कुणी व्यापारी, कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक. तेथे त्यांना मधून मधून छळ सोसावा लागे. पण १९३३ नंतर जे घडले तसे पूर्वी कधीच घडले नव्हते.

१९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती आली. त्याच्या पक्षाचे नाव नाझी. त्याआधी जर्मनी एक मोठे युद्ध हरला होता. देशात बेकारी होती. लोक चिडलेले होते. हिटलरने त्यांना सांगितले, तुमच्या सगळ्या दुःखाचे मूळ ज्यू आहेत. हे साफ खोटे होते. पण तेच खोटे रोज सभेत ऐकू येई. वर्तमानपत्रात छापून येई. शाळेच्या पुस्तकातही शिरले. ऐकून ऐकून पुष्कळांना ते खरे वाटू लागले. ज्यांना खरे वाटले नाही, त्यांतले बहुतेक गप्प बसले.

मग एकेक पायरी आली. आधी ज्यूंच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. १९३५ साली कायदा करून त्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. पुढे त्यांची दुकाने गेली, घरे गेली. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन फौजांनी एकामागून एक देश घेतले. त्या त्या देशांतल्या ज्यूंनाही पकडून नेऊ लागले. १९४५ साली युद्ध संपले, तोवर सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले होते. त्यात म्हातारे होते, बायका होत्या, तान्ही पोरेही होती.

साठ लाख हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून आपण त्यांतल्या एकाच कैद्याची हकिकत पाहू.

प्रीमो लेवी

हा कैदी इटली देशाचा. आपल्याकडच्या जुन्या फौजी माणसांना इटली ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी तेथे जर्मनांशी लढल्या. कोकणचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या इटलीत तुरिन नावाचे मोठे शहर आहे. ३१ जुलै १९१९ रोजी तेथे प्रीमो लेवीचा जन्म झाला. घर ज्यू. मुलगा अंगाने बारीक, पण अभ्यासात हुशार. तो रसायनशास्त्र शिकत होता. तेव्हा इटलीत मुसोलिनी राज्य करीत होता. तो हिटलरचा दोस्त. त्यानेही १९३८ साली ज्यूंच्या विरुद्ध कायदे केले. लेवी आधीच कॉलेजात होता, म्हणून त्याला शिक्षण पुरे करता आले. १९४१ साली तो पहिल्या प्रतीच्या गुणांनी पास झाला. पण त्याच्या पदवीच्या कागदावर लिहिले होते, 'ज्यू वंशाचा.' एका शब्दाने त्याला नोकरी मिळणे मुश्किल झाले.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मन फौज इटलीत शिरली. लेवी काही सोबत्यांबरोबर डोंगरात गेला. जर्मनांशी लढायचे असा त्यांचा विचार होता. पण हाती हत्यारे नव्हती. लढाईचे शिक्षण नव्हते. १३ डिसेंबर १९४३ रोजी तो पकडला गेला.

त्याला फोस्सोली येथील छावणीत ठेवले. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये हुकूम आला, उद्या सगळ्यांनी निघायचे. कुठे, ते सांगितले नाही. त्या रात्री आयांनी मुलांना न्हाऊ घातले. त्यांचे कपडे धुऊन काटेरी तारांवर वाळत घातले. प्रवासाची शिदोरी बांधली. उद्या काय होणार हे कळत नसले, तरी आई पोराची शिदोरी बांधतेच.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी गाडी सुटली. मालगाडीचे १२ डबे आणि ६५० माणसे. दारे बाहेरून बंद. थंडी भयंकर. प्यायला पाणी नाही. लेवीच्या डब्यात ४५ जण होते. त्यांतले फक्त चौघे पुढे आपले घर पाहू शकले.

नावाचा झाला नंबर

२६ फेब्रुवारीच्या रात्री गाडी थांबली. जागेचे नाव आउशवित्झ. हा मुलूख पोलंड देशाचा, पण तेव्हा तो जर्मनांच्या ताब्यात होता.

माणसांना खाली उतरवले. शिपाई एकेकाकडे पाहत. वय किती? तब्येत कशी? थोड्याच वेळात सगळ्यांची वाटणी झाली. कामाला चालतील असे ९६ पुरुष आणि २९ बायका वेगळ्या काढल्या. बाकीचे पाचशेहून जास्त लोक दुसरीकडे नेले. म्हातारे, मुले, मुलांच्या आया. दोन दिवसांत त्यांतले कुणीही जिवंत राहिले नाही. बंद खोलीत कोंडून त्यांना विषारी वायूने मारले. किडे मारण्यासाठी जे विष बनवले होते, ते माणसांवर वापरले. आउशवित्झमध्ये अशा प्रकारे आणि उपासमारीने, रोगाने, मारहाणीने सुमारे ११ लाख माणसे मेली. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते.

लेवीचे कपडे काढून घेतले. डोके भादरले. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आले. पायात लाकडी तळव्याचे जोडे आले. मग सुईने डाव्या हातावर नंबर गोंदला: १७४५१७.

आपल्याकडे बाया हौसेने गोंदवून घेतात. कुणी तुळस गोंदवते, कुणी देवाचे नाव. येथे माणसाचे नाव पुसण्यासाठी गोंदवले. त्या दिवसापासून प्रीमो लेवी हे नाव संपले. नंबर दाखवला तर पाव मिळे. नंबर पुकारला की धावत जावे लागे. नंबर जर्मन भाषेत पुकारत. ज्याला ती भाषा कळत नसे, त्याला काठी बसे. भाषा न कळणारे पुष्कळजण पहिल्या काही आठवड्यांतच संपले. लेवीला शिकताना थोडी जर्मन भाषा आली होती. तिचा त्याला फार उपयोग झाला. त्याने आपल्या पावाचा तुकडा देऊन दुसऱ्या कैद्याकडून आणखी जर्मन शिकून घेतले. जेथे पावाच्या तुकड्यावर जीव तगत होता, तेथे त्याने अक्षरासाठी पाव दिला. हे आपण ध्यानात ठेवू या.

पहिल्याच दिवशी त्याला तहान लागली होती. खिडकीबाहेर बर्फाचा खडा लोंबत होता. त्याने हात घालून तो तोडला. पहारेकऱ्याने तो हिसकावून फेकून दिला. लेवीने कारण विचारले. येथे कारण विचारायची सोय नाही, एवढेच त्याला कळले.

छावणीतले दिवस

आउशवित्झ ही एकच छावणी नव्हती. तिच्या पोटात अनेक छावण्या होत्या. लेवीला मोनोविट्झच्या छावणीत ठेवले. तेथे सुमारे १०,००० कैदी होते. जवळच एक प्रचंड कारखाना उभा राहत होता. तेथे कृत्रिम रबर तयार व्हायचे होते. त्यासाठी जर्मन कंपनी छावणीतून मजूर घेई. मजुरीचे पैसे कैद्याला नव्हे, छावणी चालवणाऱ्यांना मिळत.

पहाटे अंधारात उठायचे. हजेरीसाठी रांगेत उभे राहायचे. मग लोखंडी रूळ, सिमेंटच्या गोण्या, लाकडी ओंडके वाहायचे. थंडीत बर्फ पडे. अंगावर पातळ कपडे. दिवसाला पावाचा एक तुकडा आणि कोबी-सलगम उकडलेले पाणी. एवढ्यावर कष्टाचे काम होत नाही. शेतात राबणाऱ्याला हे सांगायला नको. बैलालासुद्धा कामाच्या दिवसांत पेंड घालतात. येथे माणसाला मुद्दामच कमी घालत. मेला तर दुसरा आणायचा, हा तिथला हिशेब. नव्या कैद्यांतले पुष्कळजण तीन महिन्यांत संपत.

मधून मधून निवड होई. कैद्यांना उघडे करून अधिकाऱ्यासमोरून पळायला लावत. प्रत्येकाच्या हातात आपल्या नंबराचे कार्ड. अधिकारी क्षणभर पाही आणि कार्ड एका बाजूला देई. एक बाजू जगायची, दुसरी मरायची. बस्स, एका क्षणाचा न्याय.

अशा जागी माणूस हळूहळू माणूसपण विसरतो. शेजाऱ्याचा पाव चोरतो. दुसऱ्याचे दुःख त्याला दिसेनासे होते. लेवीलाही हीच भीती वाटत होती. अशा वेळी त्याला एक गवंडी भेटला.

परांचीवरचा गवंडी

जून १९४४ ची गोष्ट. लेवीला एका भिंतीच्या कामावर हाताखाली दिले. भिंत उंच होती. दोन गवंडी परांचीवर उभे राहून वीट लावत होते. खालून त्यांना कालवलेला चुना पोचवायचा, हे लेवीचे काम. तो अशक्त आणि कामाला नवखा. त्याच्या हातून माल सांडला. गवंडी आपसांत काही बोलला. ती बोली ऐकून लेवी चमकला. ती त्याच्याच मुलखातली होती!

त्या गवंड्याचे नाव लोरेंझो पेरोने. तुरिनच्या दक्षिणेला फोस्सानो नावाचे गाव आहे, तेथला राहणारा. जन्म १९०४. घर गरिबीचे. शाळा अगदी थोडी. लिहिणे त्याला जड जाई. बोलणेही फार कमी. पण हातात कसब होते. एका इटालियन ठेकेदाराने त्याला कामावर आणले होते. तो कैदी नव्हता. त्याला पगार होता, आणि राहायला वेगळी छावणी होती.

अशा कामगारांनी कैद्यांशी बोलायचे नाही, असा कडक हुकूम होता. काही देणेघेणे तर दूरच. पकडला गेला तर त्याला स्वतःलाच छावणीत टाकत. तरी दोन-तीन दिवसांनी लोरेंझो आला. त्याने लेवीच्या हाती एक डबा दिला. ॲल्युमिनियमचा, फौजी शिपायांचा असतो तसा. त्यात भाजीचे कढण होते. संध्याकाळच्या आत रिकामा करून परत दे, एवढेच त्याने सांगितले.

त्यानंतर तो डबा सहा महिने आला. बहुतेक एकही दिवस चुकला नाही.

डब्यात काय असे?

सुरुवातीला लोरेंझो स्वतःच्या वाट्यातले देई. ते पुरेना. मग तो भल्या पहाटे, सगळे झोपलेले असताना, आपल्या छावणीच्या स्वयंपाकघरात जाई. उरलेसुरले डब्यात गोळा करी. म्हणून त्या कढणात कधी फळाच्या बिया निघत, कधी मांसाची साल. एकदा पिसांसकट चिमणीचा पंख निघाला. एकदा वर्तमानपत्राचा तुकडा. आपण म्हणू, शी! पण उपाशी माणसाला ते अमृत होते.

लेवी एकटा खात नसे. छावणीत त्याचा एक मित्र होता, अल्बेर्तो. तोही इटलीचाच. डब्यातले अर्धे अल्बेर्तोचे, हे ठरलेले. दोघेही अंगाने लहान. त्या डब्यामुळे दोघांच्याही अंगात उभे राहण्याइतके त्राण राहिले.

लोरेंझोने आपला एक अंगरखाही लेवीला दिला. ठिगळांनी भरलेला होता, पण थंडीत तेवढीच ऊब.

याचा मोबदला काय घ्यावा? लेवीने विचारले. पैसे पाठवू, असेही सुचवले. लोरेंझोला ते आवडले नाही. शेवटी एकच गोष्ट त्याने मान्य केली. त्याचे जोडे फाटले होते. कैद्यांच्या छावणीत जोडे शिवून देणारे होते, आणि ते पैसे घेत नसत. म्हणून दोघांनी जोडे बदलले. चार दिवस लोरेंझो लेवीचे लाकडी जोडे घालून कामावर गेला. तेवढ्यात लेवीने त्याचे जोडे दुरुस्त करून आणले. सहा महिन्यांच्या अन्नाची एवढीच काय ती परतफेड.

१९४४ च्या ऑगस्टपासून कारखान्यावर विमानांतून बाँब पडू लागले. एके दिवशी डबा वाकडा होऊन आला. कढणात माती आणि खडे होते. कढण घाण झाले, असे म्हणून लोरेंझोने उलट लेवीचीच माफी मागितली. कारण सांगितले नाही. ते लेवीला एक वर्षाने, घरी परतल्यावर कळले. त्या दिवशी लोरेंझोच्या अगदी जवळ बाँब पडला होता. डबा मातीत गाडला गेला. लोरेंझोच्या एका कानाचा पडदा फाटला. तशाच कानाने त्याने डबा उकरून काढला आणि पोचवला. आपण सांगितले, तर या माणसाला उपकाराचे ओझे होईल, म्हणून तो बोलला नाही.

आपण पावशेर साखर उसनी दिली, तरी चार घरी सांगतो. आणि हा माणूस बघा.

एक पोस्टकार्ड

ज्यू कैद्याला घरी पत्र लिहिता येत नसे. लेवीची आई आणि बहीण इटलीत लपून राहत होत्या. लेवी जिवंत आहे की नाही, त्यांना माहीत नव्हते. त्या जिवंत आहेत की नाहीत, हे लेवीला ठाऊक नव्हते.

लोरेंझोला मात्र पत्र धाडता येई. त्याने आपल्या नावाने पोस्टकार्ड पाठवले. ते लेवीच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या पत्त्यावर गेले. पकडले जाऊ नये म्हणून मजकूर जपून लिहिला होता. वरून पाहणाऱ्याला ते एका कामगाराचे साधे पत्र वाटावे. मैत्रिणीने ते आईपर्यंत पोचवले. आणि काही दिवसांनी उत्तरही आले! लोरेंझोने ते लेवीच्या हातात दिले.

ज्याला लिहिणे जड जाई, त्याने मायलेकरांची अशी गाठ घालून दिली. आपल्याला दूरच्या मुलाचे पत्र येते. ते आपण आता स्वतः वाचतो. त्यावेळी मनाला काय वाटते, ते आठवा. मग त्या चार ओळींचे मोल कळेल.

छावणीचा शेवट

छावणीत लेवीची रसायनशास्त्राची परीक्षा घेतली गेली. परीक्षा जर्मन भाषेत होती. तो पास झाला आणि त्याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळाले. तेथे ऊब होती. थंडीचे सर्वांत वाईट दिवस त्यामुळे निभले.

जानेवारी १९४५ मध्ये रशियाची फौज जवळ आली. जर्मनांनी छावणी सोडायचे ठरवले. १८ जानेवारीला चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पायी हाकलत नेले. आउशवित्झच्या सगळ्या छावण्या मिळून ते सुमारे ६०,००० होते. जो पडला त्याला गोळी घालत. त्या वाटेवर हजारो मेले. अल्बेर्तो याच वाटेने गेला. तो परत आला नाही.

लेवी तेव्हा तापाने आजारी होता. आजाऱ्यांच्या खोलीत पडून होता. म्हणून तो मागे राहिला. नशिबाचा खेळ असा की, आजारानेच त्याला वाचवले.

जर्मन निघून गेले. मागे सुमारे ८०० आजारी उरले. अन्न नाही, पाणी नाही, विस्तव नाही. बाहेर बर्फ. लेवी आणि दोन फ्रेंच सोबती कसेबसे उठले. शोधून शोधून एक शेगडी आणली. थोडे बटाटे मिळाले. खोली उबदार झाली. तेव्हा खोलीतल्या इतर आजाऱ्यांनी एक ठरवले. ज्या तिघांनी कष्ट केले, त्यांना प्रत्येकाने आपल्या पावातला एकेक तुकडा द्यायचा.

एक दिवस आधी अशी गोष्ट कुणाच्या मनातही आली नसती. तेथला कायदा एकच होता: आपला पाव आपण खा, आणि जमले तर शेजाऱ्याचाही खा. लेवीने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या पावाच्या तुकड्याबरोबर छावणी संपली, आणि कैद्यांची पुन्हा माणसे होऊ लागली.

२७ जानेवारी १९४५ रोजी रशियन शिपाई तेथे पोचले. पण तोवर त्या ८०० पैकी बहुतेक भूक, थंडी आणि रोग यांनी गेले, किंवा जाण्याच्या वाटेवर होते. रबराच्या त्या प्रचंड कारखान्यातून रबर काही निघाले नाही. हजारो माणसे मात्र त्याने खाल्ली.

दोघे घरी आले

लोरेंझो पोलंडातून पायी निघाला. रात्री चालायचे, दिवसा लपायचे. महिनोन् महिने चालून तो इटलीत आला. आधी स्वतःच्या घरी गेला नाही. तुरिनला जाऊन लेवीच्या आईला शोधून काढले. पण त्याच्याजवळ चांगली बातमी नव्हती. बर्फातल्या त्या वाटेवर कैद्यांचे काय झाले, हे तो जाणून होता. मुलाची आशा ठेवू नका, असेच त्याला सांगावे लागले. आईने त्याला पुढच्या गाडीभाड्यासाठी पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. उरलेली वाटही तो पायीच गेला.

लेवी १९ ऑक्टोबर १९४५ रोजी तुरिनला पोचला. रेल्वेगाड्यांतून रशिया, रुमानिया असा मोठा वळसा घालून आला. आईने त्याला जिवंत पाहिले.

मग लेवी फोस्सानोला लोरेंझोला भेटायला गेला. थंडीचे कपडे घेऊन गेला. पण लोरेंझो आतून मोडला होता. त्याने छावणीत जे पाहिले, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने गवंडीकाम सोडले. भंगार विकून दिवस काढू लागला. दारू वाढली. पुढे क्षय झाला. लेवीने त्याच्यासाठी काम शोधले, त्याला दवाखान्यात ठेवले. पण दवाखान्यात दारू मिळत नव्हती. तो तेथून निघून गेला. लोरेंझो १९५२ साली वारला.

असे का व्हावे? तो तर कैदी नव्हता. पण दुसऱ्याचे दुःख ज्याच्या आत शिरते, त्याला ते सहज बाहेर काढता येत नाही. एवढेच म्हणता येईल.

लोरेंझोने लेवीशिवाय आणखीही कैद्यांना मदत केली होती. हेही लेवीला मागाहून कळले. लोरेंझो कधी बोललाच नव्हता.

लेवीने आपल्या मुलीला आणि मुलालाही लोरेंझोवरूनच नावे दिली. इस्राएल देशात याद वाशेम नावाची संस्था आहे. ज्या परधर्मी लोकांनी आपला जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवले, त्यांची नावे ती जतन करते. १९९८ साली त्या नावांत लोरेंझो पेरोनेचे नाव घातले गेले.

लेखी साक्ष

घरी आल्यावर लेवीने एक काम हाती घेतले. त्याने सगळे लिहून काढले. कोण कसा मेला, काय खायला मिळे, कोण कसे वागले. राग आणून नव्हे, तर कोर्टात साक्षीदार साक्ष देतो तसे. १९४७ साली त्याचे पुस्तक छापले. प्रती अवघ्या २,५००. तेव्हा कुणाला ते ऐकायचे नव्हते. युद्ध संपले, आता विसरू या, असे लोक म्हणत. १९५८ साली पुस्तक पुन्हा निघाले. मग ते जगभर वाचले गेले, अनेक भाषांत गेले. लेवीने रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, आणि जन्मभर लिहिले. शाळाशाळांतून जाऊन मुलांना सांगितले. हातावरचा नंबर त्याने कधी पुसून घेतला नाही. तो ११ एप्रिल १९८७ रोजी वारला. त्याच्या थडग्यावर नावाबरोबर तोच नंबर कोरला आहे.

आपण जिवंत राहिलो ते लोरेंझोमुळे, असे लेवीने लिहिले आहे. पण नुसत्या कढणामुळे नव्हे. काही मागणी न करता चांगुलपणाने वागणारा एक माणूस जगात आहे, हे त्याला रोज दिसत होते. म्हणून आपणही माणूस आहोत, याचा त्याला विसर पडला नाही.

आता दोन गोष्टींचा विचार करू.

आउशवित्झची छावणी अडाण्यांनी उभारली नाही. तिचे नकाशे शिकलेल्यांनी काढले. गाड्यांचे वेळापत्रक शिकलेल्यांनी केले. विष शिकलेल्यांनी बनवले. नंबरांच्या वह्या सुबक अक्षरात लिहिल्या. आणि ज्याला धड लिहिता येत नव्हते, तो गवंडी डबा घेऊन आला. मग शिक्षण वाईट का? मुळीच नाही. लेवी लिहू शकला, म्हणूनच लोरेंझोचे नाव आज आपल्याला कळले. नाहीतर तो डबाही मातीत गेला असता. अक्षर हे विळ्यासारखे आहे. विळ्याने पीक कापता येते, आणि शेजाऱ्याचा हातही. धरणारा कोण, त्यावर सगळे आहे.

दुसरी गोष्ट. हे सारे एका खोट्या बोलण्यापासून सुरू झाले. 'तुमच्या दुःखाला अमके लोक कारण आहेत.' असे बोलणे आपल्याही कानावर येते. कधी अमक्या जातीबद्दल, कधी तमक्या धर्माबद्दल. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा छापलेले सगळे खरे मानू नये. कोण सांगतो, कशासाठी सांगतो, हे विचारावे. आणि शेजाऱ्याच्या दारावर संकट आले, तर आपल्या हातात काय आहे ते पाहावे. फार काही नसेल. एखादा डबा तरी असेल.

विचारा आणि सांगा

१. पदवीच्या कागदावरच्या एका शब्दामुळे लेवीचे काय नुकसान झाले?
२. लेवीने पाव देऊन काय शिकून घेतले? का?
३. डब्यात माती का आली होती? लोरेंझोने ते का सांगितले नाही?
४. आजाऱ्यांनी एकेक तुकडा पाव दिला, ही गोष्ट लेवीला एवढी मोठी का वाटली?
५. तुमच्या गावात कुणी कुणाला न सांगता मदत केल्याची हकिकत ठाऊक आहे का? ती पाच ओळींत लिहा, आणि वर्गात वाचून दाखवा.